'डाऊन'ला नुसता बघत राहणारा कुत्रा हट्टी नसतो

तुम्ही जे सांगितलंत त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते आधी लिहितो. दीड वर्षाचा देशी, बिल्डिंगखालून वर आणलेला, 'सिट' म्हटलं की एका सेकंदात बसतो पण 'डाऊन', म्हणजे 'आडवा हो', म्हटलं की तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. ट्रेनरने सांगितलं की खांद्यावर दाबा, पट्टा पायाखाली घेऊन खाली ओढा, तसं केलं तर परवा तो गुरगुरला, घरात वयस्कर आईबाबा आहेत म्हणून तुम्ही घाबरलात. आणि खरी गरज ही की पाहुणे आले की त्याने अंगावर उड्या मारू नयेत, एका जागी पडून राहावं.

पहिली गोष्ट, दाबणं आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून. कुत्र्याला तुम्ही वरून दाबलं की तो आपोआप वरच्या बाजूला जोर लावतो, त्यात हट्ट वगैरे काही नाही, तुम्हाला कुणी मागून ढकललं तर तुम्हीही पाय रोवताच ना. म्हणजे तुम्ही दाबताय आणि तो उभं राहायची प्रॅक्टिस करतोय, असं चाललंय. वर रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला माणूस वाकून अंगावर आला की काय आठवत असेल ते आपल्याला माहीत नाही, पण चांगलं काही नसणार. गुरगुरला म्हणून त्याला रागवू नका. गुरगुरणं म्हणजे 'मला हे नकोय' हे त्याने शिस्तीत सांगितलं, ते दाबून टाकलं तर पुढच्या वेळी न सांगता थेट दात लागतो, आणि मग लोक म्हणतात 'अचानक चावला हो'. अचानक क्वचितच असतं ते.

ही दाबायची-ओढायची पद्धत कुठून आली तर लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांच्या ट्रेनिंगमधून. जर्मनीत कॉनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये त्यावर मॅन्युअल लिहिलं आणि ती पद्धत जगभर फिरली, आपल्याकडेही अजून बरेच जण तेच शिकवतात कारण त्यांना त्यांच्या उस्तादाने तेच शिकवलं. नंतर १९६० च्या दशकात हवाईमध्ये कॅरेन प्रायर डॉल्फिनना शिकवत होत्या, आता डॉल्फिनला पट्टा कुठे बांधणार आणि दाबणार कुठे, त्यामुळे शिट्टी वाजवून 'हे बरोबर' सांगायचं आणि मासा द्यायचा, असं काम चालायचं. तीच पद्धत पुढे कुत्र्यांकडे आली. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलंय की सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षीस देऊन शिकवणंच वापरा. मी स्वतःही तेच सांगेन.

आता 'डाऊन' का अडतं ते बघू, कारण 'सिट' जमतं आणि 'डाऊन' जमत नाही ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते आणि बहुतेक वेळा कारण कुत्र्यात नसतंच, फरशीत असतं. तुमच्या हॉलमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असणार, हल्ली सगळीकडे त्याच असतात. बसलेल्या कुत्र्याला आडवं व्हायचं तर पुढचे दोन पाय पुढे सरकवायला लागतात, आणि टाइल्सवर ते नको तितके सरकतात, फाकतात. एकदा घसरला की तो ते लक्षात ठेवतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत पुण्यात फरशी गारठलेली असते आणि देशी कुत्र्याच्या पोटावर केस असतातच किती. हाडकुळ्या जातींचं तर विचारूच नका, मुधोळ, मराठवाड्यातले कारवान, पश्मी, यांच्या अंगावर चरबी नावाला नसते, कडक फरशीवर कोपर टेकवायला सांगणं म्हणजे शिक्षाच. म्हणून सुरुवात सतरंजीवर करा, घडी घालून. योगा मॅट असेल तर अजून छान, ती घसरत नाही. पायपुसणं नको, ते त्याच्यासकट सरकतं. बऱ्याच घरांत नुसती सतरंजी टाकली आणि 'हट्टी' कुत्रा पाच मिनिटांत आडवा झाला, हे मी पाहिलंय, आणि मालक त्यानंतर उगाच माझं कौतुक करतात.

दुसरं, शरीर. तुमचा दीड वर्षाचा आहे म्हणजे बहुतेक ठणठणीत असेल, तरी दोन दिवस नुसतं बघा. स्वतःहून आडवा होताना खूप वेळ गोल फिरतो का, शेवटी धपकन अंग टाकतो का, उठताना मागचे पाय जड वाटतात का, एखादा सांधा सारखा चाटतो का. यातलं काही असेल तर ट्रेनिंग राहू दे, आधी डॉक्टर. आपल्याकडे गोचीडतापाने, म्हणजे एर्लिकिया, बबेसिया वगैरे, सांधे दुखणं, मरगळ हे अगदी नेहमीचं आहे आणि साध्या रक्ततपासणीपासून शोध सुरू करता येतो. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डवाल्यांनी खुब्याचा सांधा तपासून घ्यावा. आधी छान 'डाऊन' करणारा कुत्रा एकदम करेनासा झाला तर मी ट्रेनिंगचा विचारसुद्धा करत नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवतो.

आता प्रत्यक्ष शिकवणं. तुमचा कुत्रा हातांना थोडा बिचकलाय म्हणून पहिले दोनतीन दिवस काहीच सांगू नका. नुसतं टिपा. कुत्रा दिवसातून कितीतरी वेळा स्वतःहून आडवा होतोच. संध्याकाळी तुम्ही टीव्हीसमोर बसलाय, तो येऊन आडवा झाला, की ज्या क्षणी कोपर टेकली त्या क्षणी हळू आवाजात 'यस' म्हणा आणि त्याच्या दोन पंजांच्या मध्ये, जमिनीवर, खाऊचा तुकडा ठेवा. वरून हातात दाखवू नका, तो उठेल. उठला तरी काही हरकत नाही, पुन्हा आडवा होईल तेव्हा पुन्हा. दोन दिवसांत बघा, तो तुमच्यासमोर येऊन मुद्दाम आडवा व्हायला लागेल आणि वर 'दिसलं का' अशा नजरेने बघेल. इथून पुढचं सगळं सोपं आहे.

'यस' ऐवजी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर 'टिक' वाजणारी छोटी डबी, वापरलात तरी चालेल, मला शब्द बरा वाटतो कारण क्लिकर नेमका नको तेव्हा दुसऱ्या पँटच्या खिशात असतो. फक्त शब्द असा घ्या की जो घरात दिवसभर कुणी बोलत नाही. 'छान', 'हो', 'अरे वा' हे नकोत.

खाऊबद्दल. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, किंवा पनीर, किंवा उकडलेलं अंडं. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, खरंच एवढाच, लोक सुपारीएवढे तुकडे करतात आणि दहा मिनिटांत कुत्र्याचं पोट भरतं. दिवसाच्या एकूण खाण्याच्या साधारण १० टक्क्यांच्या वर हा खाऊ जाऊ देऊ नका, आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. शाकाहारी घर असेल तर पनीर आणि भाकरीचे कोरडे तुकडे मिसळून ठेवा, भाकरीला पनीरचा वास लागतो, काम होतं. आणि आईबाबांना एक नक्की सांगा, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याला अजिबात द्यायचे नाहीत, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक असतात. चॉकलेट, कांदा, आणि झायलिटॉल घातलेल्या शुगरफ्री गोळ्या-च्युइंगगमसुद्धा नको.

मग हाताने. तो सतरंजीवर बसलाय, तुम्ही त्याच्यासमोर नाही तर थोडं बाजूला, खाली बसून, वर झुकून नाही. तुकडा बोटांत धरून त्याच्या नाकाला चिकटवा आणि सरळ खाली न्या, दोन पुढच्या पंजांच्या मध्ये. सरळ खाली. इथेच नव्वद टक्के लोक गडबड करतात, हात खाली नेता नेता स्वतःकडे ओढतात, मग कुत्रा नाकामागे पुढे येतो आणि त्याचं बूड वर उठतं, मग आपण म्हणतो 'नाही नाही, डाऊन, डाऊन'. बूड उठलं म्हणजे तुमचा हात पुढे गेला किंवा भराभर गेला, एवढंच. तुकडा खाली नेऊन थोडासा त्याच्या छातीच्या बाजूला दाबल्यासारखा धरलात तर वजन मागे जातं आणि कोपर आपोआप दुमडतात. काही कुत्र्यांना उलट, जमिनीला लागल्यावर गोगलगायीच्या वेगाने एक वीतभर पुढे सरकवावा लागतो. दोन्ही करून बघा, तुमच्याला कोणतं पटतं ते पाचव्या-सहाव्या वेळेला कळेलच.

पहिल्याच फटक्यात पूर्ण आडवा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. नुसती मान खाली गेली, यस, तुकडा. एक पंजा पुढे सरकला, यस, तुकडा. एक कोपर वाकला, यस. असं पायरीपायरीने पैसे मोजत गेलात तर तो विचार करायला लागतो की अजून खाली गेलो तर काय मिळेल. आणि पूर्ण आडवा झाला की एक तुकडा देऊन थांबू नका, चारपाच तुकडे एकामागे एक, पंजांच्या मध्येच, जमिनीवर. त्याला कळू दे की आडवं राहण्यात मजा आहे, आडवं होऊन लगेच उठण्यात नाही.

तरीही अडला तर गुडघ्याखालची युक्ती करतात, आपण जमिनीवर बसून एक पाय वाकवायचा, बोगद्यासारखा, आणि तुकडा त्याखालून न्यायचा, की कुत्र्याला पोट खाली घ्यावंच लागतं. पिल्लांना हे भन्नाट आवडतं. पण तुमच्या कुत्र्याबाबत मी हे लगेच करणार नाही, जो माणसाच्या अंगाखाली जायला बिचकतो त्याला बोगद्यात घालू नये. हवंच असेल तर कमी उंचीच्या टीपॉयखालून करा.

एका वेळेला दोनतीन मिनिटं, आठदहा वेळा, बास. दिवसातून दोनतीनदा. सकाळचा चहा उकळेपर्यंत एक, जेवणाआधी एक. अर्धा तास सलग करणारे लोक आठवड्यात कंटाळतात आणि कुत्रा तर दहाव्या मिनिटालाच कंटाळलेला असतो. तो खाजवायला लागला, जांभया द्यायला लागला, उगाच जमीन हुंगायला लागला म्हणजे समजा बास झालं.

पुढची पायरी लोक विसरतात आणि मग वर्षभर म्हणत राहतात 'हातात खाऊ असला तरच करतो'. पाचसहा वेळा तुकड्याने खाली नेलं ना, की लगेच सातव्या वेळेला त्याच हाताची तीच हालचाल, पण हात रिकामा. आडवा झाला, यस, आणि तुकडा दुसऱ्या हातातून किंवा कमरेच्या पाऊचमधून. पहिल्या दिवशीच हे करा, दुसऱ्या आठवड्यात नाही. तुकडा हे बक्षीस असलं पाहिजे, दिशादर्शक बाण नाही. मग हाताची हालचाल हळूहळू लहान करत जायची, जमिनीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग उभं राहून नुसता तळवा खाली.

शब्द सगळ्यात शेवटी. रिकाम्या हाताला दहापैकी आठ वेळा आडवा होतोय, तोपर्यंत तोंड बंद. मग क्रम असा, आधी शब्द, एक सेकंद थांबा, मग हात. शब्द आणि हात एकदम आला तर कुत्रा हाताकडे बघतो आणि शब्द त्याच्या कानावरून जातो, कारण कुत्रे मुळात बघून शिकणारे, आपल्या बडबडीकडे त्यांचं लक्ष कमीच. काही दिवसांनी दिसेल की तुम्ही शब्द बोललात आणि हात हलायच्या आधीच तो खाली जातोय. तिथे मोठं बक्षीस. शब्द कोणताही घ्या पण घरात सगळ्यांचा एकच. तुमच्याकडे तुम्ही 'डाऊन' म्हणताय, आई 'खाली बस' म्हणतायत, आणि 'बस'वर तो बसायला शिकलाय, म्हणजे त्याने आईंसमोर बसून दाखवलं तर चूक कुणाची? शिवाय सोफ्यावरून उतरवायलाही 'डाऊन' आणि अंगावर उडी मारली तरी 'डाऊन' असं चालू असेल तर बंद करा, सोफ्यासाठी 'उतर' ठेवा. आणि एकदाच बोलायचं. 'डाऊन, डाऊन, अरे डाऊन म्हटलं ना' असं पाच वेळा बोललात तर तो पाचव्यावर आडवा व्हायला शिकेल, त्याच्या दृष्टीने ती पूर्ण आज्ञाच तेवढी लांब आहे.

आता तुमचं खरं काम, पाहुणे. इथे आडवं होणं हा छोटा भाग आहे, आडवं राहणं मोठा. त्यासाठी सोडायचाही शब्द लागतो, 'फ्री' म्हणा किंवा 'झालं', पण 'ओके' नको, ते आपण फोनवर सारखं बोलतो. आधी दोन सेकंद, मग पाच, मग परत तीन, मग दहा, असं वरखाली करत वाढवा, सरळ चढत गेलं की कुत्र्याला कळतं की दर वेळी काम कठीणच होतंय. वेळ वाढवताना तुम्ही तिथेच उभे राहा. लांब जायचं असेल त्या वेळी वेळ कमी करा. आणि मध्येच दुसरा माणूस खोलीत येणार असेल तर वेळही कमी आणि अंतरही कमी. तिन्ही एकदम वाढवलं की कोसळतं, आणि लोक नेमके तिन्ही एकदम वाढवतात, कारण शनिवारी पाहुणे येणार असतात.

ती सतरंजी आता त्याची जागा करा. दारापासून थोडी लांब, पण जिथून दार दिसतं अशी. घरातल्याच माणसाला बाहेर पाठवून बेल वाजवायला लावा, कुणीही आत येत नाही, बेल वाजली की सतरंजीवर डाऊन, तुकडे. बेल हा त्याच्यासाठी सतरंजीकडे पळायचा सिग्नल झाला की मग दार उघडा, मग शेजारच्या ओळखीच्या काकूंना आत बोलवा, त्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही, 'अले अले' करायचं नाही. हेच अवघड, कुत्रा शिकतो पण काकू शिकत नाहीत. पहिले काही आठवडे पट्टा लावून ठेवा, ओढायला नाही, फक्त अंगावर पोचू नये म्हणून, आईबाबांसाठी तर हवाच. अजून एक, पाहुणे असताना त्याने अर्धा तास पडून राहायला हवं असेल तर त्याला ताठ स्फिंक्ससारखं 'डाऊन' नकोय, एका कुशीवर कलंडलेलं, सैल हवंय. तो कुल्ला एका बाजूला टाकतो ना, त्या क्षणी हळूच तुकडा द्या, आवाज न करता. चघळायला काहीतरी दिलंत तर अजून लवकर जमतं.

घरात पक्कं झालं म्हणजे खाली पार्किंगमध्ये जमेल असं नाही, तिथे परत पहिलीपासून, हातात तुकडा धरून, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कुत्र्यांचं तसंच असतं, हॉलमधला 'डाऊन' आणि मैदानातला 'डाऊन' त्यांना दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. फक्त तिथे आधी फुकटातलं 'सिट' वगैरे दोनतीन सोप्या गोष्टी करून घ्या. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्यावर किंवा पेव्हर ब्लॉकवर कधीच आडवं करू नका, तुमच्या हाताची मागची बाजू पाचसात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याचं पोट भाजेल. पावसाळ्यात ओल्या चिखलात तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबर आहे.

'म्हणजे आयुष्यभर खाऊ घेऊन फिरायचं का' हा प्रश्न तुमच्या वडिलांनी विचारलाय. नाही. पक्कं झालं की दर दुसऱ्या, मग कधी चौथ्या, कधी लागोपाठ दोन वेळा, असं अंदाज न येणारं करा, आणि बाकी वेळा त्याला जे हवंय तेच बक्षीस, दार उघडायच्या आधी डाऊन, जेवणाचं भांडं ठेवायच्या आधी डाऊन, बॉल फेकायच्या आधी डाऊन. पण अगदीच बंद करू नका, पगार बंद केल्यावर काम होत नाही, आणि पनीरच्या एका तुकड्याला काही फार खर्च येत नाही.

गणपतीत घरी आरतीला पंधरा माणसं, टाळ, घंटा, अशा वेळी पहिल्या वर्षी त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, आतल्या खोलीत पंखा लावून, चघळायला देऊन दार बंद. दिवाळीत फटाक्यांना थरथरत असेल तर डाऊन सांगूच नका, घाबरलेल्या कुत्र्याला सांगितलेलं ऐकणं जमत नाही, त्याला बाथरूममध्ये किंवा पलंगाखाली लपायचं असेल तिथे लपू द्या.

आणि अडलात तर मोबाइल जमिनीलगत टेकवून बाजूने एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्याचे कोपर आणि तुमचा हात दोन्ही दिसतील असा, आणि सावकाश चालवून बघा. हात पुढे ओढला जातोय का, तुकडा देताना तुम्ही वर देताय का, 'यस' कोपर टेकल्यावर येतंय की तो उठायला लागल्यावर, हे तुम्हालाच दिसेल. पुन्हा गुरगुरला तर मात्र सगळं थांबवून दोन दिवस परत नुसतं टिपण्यावर या.